वाढत्या अंगाचं

काकूंची आणि माझी ओळख झाली तेव्हा माझ्या कुर्त्याचं टोक त्यांच्या हातात होतं. ह्यूस्टनच्या मराठी मंडळाचा गणपती होता. भाड्यानं घेतलेल्या शाळेच्या हॉलमध्ये आरतीला गर्दी झाली होती, आणि मागून कुणीतरी आपल्याला ओढतंय असं वाटून मी वळले. पांढरे, कानापर्यंत कापलेले केस, नाकाच्या शेंड्यावर चष्मा, अशी एक बाई वाकून माझ्या कुर्त्याची कड उलटी करून बघत होती.

"कुणी शिवला?"

"विकतचा आहे. पुण्याहून आणलाय."

"शिवणाऱ्याला घाई होती," त्या म्हणाल्या. मग कड सोडून दिली आणि टाळ्या वाजवत आरती म्हणायला लागल्या.

मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकते. त्या दिवशी घरी जाताना गाडीत मी नवऱ्याला वीस मिनिटं त्या बाईबद्दल ऐकवलं. पुढच्या रविवारी त्या आमच्या दारात उभ्या. आमच्याच सबडिव्हिजनमध्ये दोन रस्ते सोडून राहतात हे मला ठाऊकही नव्हतं. "तो कुर्ता दे," म्हणाल्या. नेला, सगळ्या शिवणी उसवून पुन्हा टीप मारली आणि संध्याकाळी आणून दिला. मी थँक यू म्हणायला तोंड उघडलं तर हात झटकून चालू पडल्या. आभार मानलेले त्यांना चालत नसत. वस्तू घेतली की घालायची, एवढीच अपेक्षा असे, आणि ती मात्र कडक असे.

काकूंनी तीस वर्षं ह्यूस्टनमधल्या एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काढली होती. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे आणि कुठल्या औषधानं मरतात ते बघायचं, हे त्यांचं काम. काका बऱ्याच वर्षांपूर्वी गेलेले, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर त्यांनी डायनिंग टेबल कापड बेतायला घेतलं आणि जेवण कायमचं किचनच्या ओट्यापाशी उभ्यानं सुरू केलं. गळ्यात मंगळसूत्र नसायचं, मोजपट्टी असायची. इंडियन ग्रोसरीत भेंडी निवडतानाही ती गळ्यात असे. कुणाचं कधी माप घ्यावं लागेल याचा नेम नाही, असं त्यांचं म्हणणं.

ह्यूस्टनला लागून असलेल्या आमच्या शुगर लँडमध्ये वर्षातले आठ महिने अंगाला कपडा चिकटतो. अशा ठिकाणी काकू लोकरीचे स्वेटर विणायच्या. लोक हसायचे. मीही हसले. त्यांनी मला शांतपणे विचारलं, "तुझ्या ऑफिसात एसी कितीवर असतो?" मी म्हटलं, अडुसष्ट फॅरनहाइट, म्हणजे आपल्याकडचं वीस. पंधरा दिवसांत स्वेटर आला. "अडुसष्टचा आहे. घरी घालू नकोस," म्हणाल्या. मी तो ऑफिसातल्या खुर्चीवर ठेवला आणि त्यानंतर मीटिंगमध्ये कधी कुडकुडले नाही. एका सहकाऱ्यानं विचारलं, कुठून घेतलास. मी काकूंना सांगितलं, तर त्याचा एसी कितीवर असतो हे विचारायला त्यांनी मला परत पाठवलं.

केकचंही तसंच. काकू मुठीएवढे केक भाजायच्या, माणशी एक. ओव्हनमध्ये आणखी एक थर्मामीटर लटकवलेला, कारण ओव्हनच्या आकड्यावर त्यांचा विश्वास नव्हता. केक त्यांच्यासमोर बसून पुरता संपवायचा. अर्धा नॅपकिनमध्ये गुंडाळून पर्समध्ये टाकायला गेलात तर त्या बघत राहायच्या. "उद्याचा केक उद्या करीन," म्हणायच्या.

हा त्यांचा मूळ स्वभाव. आजचं आज. आणि यातूनच तो त्यांचा प्रसिद्ध नियम आला होता, ज्यावरून निम्म्या मंडळाशी त्यांचं वाजलेलं होतं: काकू वाढत्या अंगाचं शिवत नसत.

मराठी आईला हे पटणं सोपं नाही. एका मुलीच्या आठवीच्या ग्रॅज्युएशनसाठी काकूंनी ड्रेस शिवला तेव्हा मी तिथे होते. मुलीची आई म्हणाली, "काकू, आत जरा माया ठेवली असतीत. वाढतेय हो ती, दोन महिन्यांत आखूड होईल."

"झाला की आणा. नवीन शिवीन."

"पण एवढ्यासाठी परत..."

"आज तिची जेवढी कंबर आहे तेवढीच मला दिसते," काकू म्हणाल्या.

मुलगी आरशासमोर उभी होती. "मॉम, इट फिट्स," ती हळूच म्हणाली. "लाइक, रिअली फिट्स."

त्या दिवशी परत येताना मी काकूंना विचारलं, थोडं सैल शिवलं तर बिघडलं कुठे? त्यांनी सरळ उत्तर दिलं. "माझी आई सगळं वाढत्या अंगाचं शिवून घ्यायची. फ्रॉक नवा असायचा तेव्हा मी त्यात बुजगावणं दिसायची. तो मापाचा व्हायचा तेव्हा विटलेला असायचा. मापाचा आणि नवा, असा कपडा मला पहिल्या पगारात मिळाला. आई काटकसरीची होती, तिला माझ्या दिसण्याशी देणंघेणं नव्हतं." यात दुःख वगैरे काही नव्हतं. लॅबचा रिपोर्ट वाचावा तसं त्यांनी ते वाचून दाखवलं.

मग मला दिवस गेले. आधी एकदा तिसऱ्या महिन्यात सगळं संपलं होतं, त्यामुळे मी जपून होते, आणि जपून असण्याचा मला कंटाळाही आला होता. कुणीतरी खात्रीनं वागावं, पुढचं काहीतरी आधीच करून ठेवावं, असं मला फार वाटायचं. ऑफिसच्या बेबी शॉवरमध्ये दोन वर्षांपर्यंतच्या मापाचे कपडे आले. आई नाशिकला बाबांच्या बायपासमुळे अडकली होती, म्हणून मंडळातल्या बायकांनी सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. काकू आल्या. मी सगळ्यांदेखत म्हणाले, "काकू, बाळाचं पहिलं झबलं तुमच्याकडून हवंय."

"झालं की फोन कर. छातीचं माप सांग. दोन तासांत आणते."

"आधी नाही शिवणार?"

"कुणाचं शिवू? माप कुठाय?"

बायका हसल्या, कुणीतरी गाणं सुरू केलं. मला रडू आवरेना. अमेरिकन सहकाऱ्यांनी ब्लँकेट विणून दिलं, आणि आपल्या माणसानं एक झबलं आधी शिवू नये? मी ठरवलं, बाळ झाल्यावर या बाईला फोनच करायचा नाही.

अकरा दिवसांनी मुलगी झाली. पूर्ण दिवसांना बारा आठवडे कमी होते. नऊशे ऐंशी ग्रॅम.

तिसऱ्या दिवशी मी फोन केला. दुसऱ्या कुणालाही करवत नव्हता, कारण बाकी सगळे रडले असते किंवा म्हणाले असते, सगळं ठीक होईल. काकूंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छाती किती?"

नर्सला विचारलं. साडेतेवीस सेंटिमीटर. काकूंनी फोन ठेवला.

सुरुवातीला तिला कपडा घालायची परवानगी नव्हती. नुसत्या वायरी, नळ्या आणि माझ्या तळहातात मावेल एवढा डायपर. तिसऱ्या आठवड्यात एनआयसीयूमधली लुइझियानाकडची उंच नर्स म्हणाली, आता चालेल, पण पुढून पूर्ण उघडणारं हवं, बटण नको, वायरी बाहेर काढता आल्या पाहिजेत. म्हणजे झबलंच. बंदांचं, आपल्या पद्धतीचं. मी नवीन माप कळवलं आणि काकू दोन तासांत आणते म्हणाल्या होत्या, तशा दोन तासांत आल्या.

नर्सनं ते हातात घेतलं, नाकाशी नेलं आणि परत दिलं. "हनी, याला बार्बेक्यूचा वास येतोय."

येणारच. काकूंनी मागच्या अंगणातल्या ग्रिलवर निखारे करून त्यावर ओवा आणि वेखंड टाकलं होतं आणि झबल्याला रीतसर धुरी दिली होती. तीस वर्षं जंतूंमध्ये काढलेली बाई. "धुरानं जंतू मरतात, विचार तिला," त्या लॉबीत मला म्हणत होत्या. मी म्हटलं, काकू, तिची फुप्फुसं अजून तयार नाहीत, धूर कसला देताय. त्यांचा चेहरा उतरला. असा चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. झबलं घेऊन गेल्या आणि संध्याकाळी दुसरं आणलं, उकळलेलं, दोन्ही बाजूंनी इस्त्री केलेलं, बंद पारदर्शक पिशवीत. त्यावर तारीख आणि वेळ लिहिलेली होती.

तिथून रविवारचा क्रम सुरू झाला. रविवारी सकाळी नर्स वजन आणि माप घ्यायची. अकराला काकूंचा फोन. "आकडा?" मी सांगायची. एकला त्या पार्किंगमध्ये हजर. वर यायला फक्त आईबाप आणि आजीआजोबांना परवानगी होती. दुसऱ्या बायकांनी बेधडक सांगितलं असतं की आम्ही आजी. काकू खोटं बोलल्या नाहीत. गाडीची काच खाली करून पिशवी द्यायच्या, मागच्या आठवड्याचं झबलं परत घ्यायच्या आणि जायच्या. प्रत्येक झबलं मागच्यापेक्षा जेमतेम बोटभर रुंद. कधी तेवढंही नाही.

हळूहळू मी त्यांच्यासारखीच झाले. ऑफिसच्या मंडळींनी दिलेले कपडे नवऱ्याला कपाटात वर टाकायला लावले. आई फोनवर बारशाचं नाव विचारायची, मी विषय बदलायची. सोमवारी मंगळवारबद्दल बोलायचं नाही. नवऱ्यानं एकदा म्हटलं, उन्हाळ्यात आपण तिघं समुद्रावर जाऊ. मी त्याच्यावर अशी ओरडले की तो बिचारा बाहेर जाऊन गाडीत बसला. मॉनिटरची बीप लांबली की मी खुर्चीतून उठायची, आणि बीप नीट चालू असली की ती कधी लांबेल याची वाट बघत मी बसायची.

पाचव्या रविवारी आकडा कमी आला. पन्नास ग्रॅम उतरले होते. मी काकूंना सांगितलं, "मागच्याच आठवड्याचं चालेल, राहू द्या."

"छाती?"

"काकू, प्लीज."

"छाती सांग."

मी सांगितली. त्यांनी लहान झबलं शिवून आणलं. पार्किंगमध्ये मी ते हातात घेतलं आणि मला त्यांचा भयंकर राग आला. एकदा डोळेझाक करता आली नसती? त्या म्हणाल्या, "सैल कपड्यात मूल आजारी दिसतं. तू दिवसभर बघणार तिच्याकडे." मी पिशवी घेऊन वर गेले. झबलं अंगाला बरोबर बसलं, आणि ती खरंच कमी आजारी दिसली. त्याचाही मला रागच आला.

दोन दिवसांनी, मंगळवारी पहाटे, हॉस्पिटलचा फोन आला. पोट फुगलंय, आतड्याला इन्फेक्शन झालंय, दूध बंद केलंय. नवरा दीड तासावरच्या प्लांटवर शिफ्टला गेला होता, दुपारी बदली माणूस मिळेपर्यंत त्याला सुटता येत नव्हतं. मी एकटी पोचले. तिचे कपडे काढलेले होते आणि पोट निळसर, ताणलेलं दिसत होतं. नऊ वाजता सर्जन आली. माझ्यापेक्षा वयानं लहान असेल. तिनं नीट, हळू आवाजात सांगितलं की आतडं फाटलं असावं, दुपारी ऑपरेशन करावं लागेल, एवढ्या लहान बाळाचं काही सांगता येत नाही. मी सही केली. मग कॉरिडॉरमध्ये उभं राहून काकूंना फोन केला. "या रविवारी माप नसेल," एवढंच म्हणाले. का फोन केला, ते मला आजही सांगता येणार नाही.

बाळाला एक वाजता ऑपरेशनला नेलं. दोनच्या सुमाराला काकू वेटिंग रूममध्ये आल्या. हातात नेहमीची पारदर्शक पिशवी. मला वाटलं, सवयीनं झबलं आणलं असेल. पण पिशवी मोठी होती. आत निळ्या चौकड्यांचा फ्रॉक होता, तीन वर्षांच्या मुलीचा.

"हे काय आहे?"

"तिचा."

"कुठल्या मापानं?"

"समोरच्या घरातली मुलगी तीन वर्षांची आहे. दारात उभी होती. तिच्या आईला विचारलं आणि टेप लावली."

माझा ताबा सुटला. आजूबाजूला लोक होते, मी बघितलं नाही. "तुम्हीच ना म्हणाला होता, कुणाचं शिवू म्हणून? मी मागितलं तेव्हा नाही शिवलंत. तेव्हा नियम होता. आणि आज, तिचं पोट फाडलेलं असताना, आज तुम्हाला तीन वर्षांचं सुचतंय? नजर लावायला आणलाय? न्या हे माझ्यासमोरून."

मी विज्ञान शिकलेली बाई. जन्मात कधी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या नाहीत. पण त्या क्षणी मला खरोखर वाटलं की या फ्रॉकमुळे ती जाईल.

काकू गेल्या नाहीत. माझ्यापासून एक खुर्ची सोडून बसल्या, पिशवी मांडीवर. भिंतीवरच्या टीव्हीवर कुणीतरी आवाज बंद करून स्वयंपाक करून दाखवत होतं. मग त्या समोर बघत बोलायला लागल्या.

"माझ्या आधी आईची दोन गेली होती. एक चार महिन्यांचं, एक दीड वर्षांचं. मी तिसरी. हे मला माहीत होतं, लहानपणापासून माहीत होतं. पण ते आणि फ्रॉक, दोन्ही मी कधी एका जागी ठेवून बघितलं नाही." त्यांनी चष्मा काढला, परत घातला. "शिंप्याकडे मला घेऊन जायची आणि म्हणायची, वाढत्या अंगाची आहे, चांगला दोन वर्षं पुरेल असा शिव. मला लाज वाटायची. आज सकाळी तुझा फोन ठेवला आणि टेबलापाशी गेले. माप नव्हतं. हातात कात्री, आणि बेतायचं काय ते कळेना. तेव्हा मला तिचा आवाज ऐकू आला. दोन मुलं पुरलेली बाई शिंप्याला सांगतेय, दोन वर्षं पुरला पाहिजे."

मी पिशवीतल्या फ्रॉककडे बघितलं.

"ती कंजूष नव्हती गं. मी इतकी वर्षं काय म्हणत आले. खात्री तिला कुठली असणार? तिनं ठरवलं होतं."

मग त्या रडल्या. अंग न हलवता, सरळ बसून, जणू ते रडणं कुणा दुसऱ्याचं होतं. मी उठून मधल्या खुर्चीवर गेले आणि त्यांचा हात धरला. माझ्या आईचा हात मला त्या दिवशी मिळाला नाही, हा मिळाला. आम्ही तशाच दोन तास बसलो.

साडेचारला सर्जन बाहेर आली. आतड्याचा छोटा तुकडा काढला होता. ऑपरेशन बाळानं सोसलं होतं. पण पुढचे दोन दिवस महत्त्वाचे, असं म्हणून ती थांबली, आणि त्या थांबण्यात काय आहे हे आम्हा दोघींना समजलं.

पुढचं सांगून टाकते, उगाच ताणत नाही. ते दोन दिवस गेले, त्यानंतरचा आठवडाही गेला, आणि अडीच महिन्यांनी आम्ही तिला घरी आणलं. तो फ्रॉक तिला साडेतीन वर्षांची झाल्यावर बसला. माप सहा महिन्यांनी चुकलं हे काकूंनी मान्य केलं नाही. समोरची मुलगी वयाच्या मानानं थोराड होती, हेच त्या सांगत राहिल्या. काकू जाऊन आता दीड वर्ष झालं. त्यांच्याबद्दल लिहायचं म्हटलं की त्यांचे नियम, त्यांचे केक, अडुसष्टचा स्वेटर, सगळं गर्दी करतं. पण मी मनानं परत परत त्याच संध्याकाळी जाते, जेव्हा पुढचं काहीच माहीत नव्हतं.

नवरा अजून फ्रीवेवर अडकलेला होता. नर्स मला आत न्यायला आली तेव्हा काकूंनी पिशवी माझ्यापुढे धरली. "तिला दाखव."

"आत नेऊ देणार नाहीत, काकू."

"उकळलाय. इस्त्री केलीय. पिशवी उघडू नकोस. विचार तिला."

विचारलं. लुइझियानाची नर्स माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, पिशवी बंद राहणार असेल तर आण.

ती झोपवलेली होती. पोटावर पट्टी, तोंडात नळी, त्वचा मेणचट. छाती मशीनच्या ठोक्यानं वर-खाली होत होती. मी इन्क्युबेटरच्या काचेला बाहेरून ती पिशवी लावून धरली. फ्रॉकची एक बाहीच तिच्या अर्ध्या अंगाएवढी होती.

"कुणाचा आहे?" नर्सनं विचारलं.

"हिचा," मी म्हणाले. "तीन वर्षांची झाली की घालायला."

कित्येक आठवडे मी तिच्या दुसऱ्या दिवसाबद्दलही कुणापाशी शब्द काढला नव्हता. बोलून गेले. इतकी भीती मला सही करतानाही वाटली नव्हती. तरी ते वाक्य मला परत घ्यायचं नव्हतं.

नर्सनं मॉनिटरवरचे आकडे लिहून घेतले. मग जवळ येऊन पिशवी जरा उजेडाकडे वळवली.

"याला खिसे आहेत," ती म्हणाली.

"हो," मी म्हणाले. "लागतील तिला."